समुद्राकडे सैल, डोंगराकडे घट्ट

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नट फिरत नाही म्हणजे नाही! सतरा नंबरचा पाना लावला, पायाने दाबून पाहिला, शेवटी जुन्या पंपाचा लोखंडी पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला आणि अंगात होतं नव्हतं ते बळ लावलं. एकदा वाटलं, हलला. मग कर्र असा आवाज, पाना सटकला आणि माझी बोटं इंजिनावर आपटली. सालटं निघाली. नटाचं डोकंही सोलवटलं, आता पाना धरतच नाही त्याला.

हौस माझी! अण्णा आणि आई पेणला गेलेत, अण्णांच्या भाचीच्या, कल्पिताच्या साखरपुड्याला. अण्णा दिवाळीपासून म्हणत होते, ‘गाडीचं ऑइल काळं झालंय गं, बदलायला हवं, पण कंबर वाकत नाही.’ म्हटलं, सासरेबुवा परत येईपर्यंत बदलून ठेवू. खूश होतील. म्हणून सकाळी मोटारसायकल काढून मुरुडला गेले, ऑइल आणलं, येऊन लगेच इंजिनाखालचा ऑइलचा नट सोडायला बसले पडवीत. नवरोबाला, अजेयला कळलं तर बोंब मारील. गणपतीत नांदगावच्या वळणावर पडले, तेव्हापासून ‘गाडीला हात लावायचा नाही’ असा हुकूम आहे.

समुद्राकडच्या भाड्याच्या खोलीत आलेले पाहुणे मघापासून सुरमई मागतायत. जळली मेली सुरमई. हात धुवून बघते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अरे देवा.

खोबरं किसता किसता डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडीचं तोंड!

अण्णा जन्मभर मोजणी खात्यात होते. लोकांच्या जमिनी मोजल्या, दगड रोवले. आमच्या घरात डावं-उजवं नाहीच. मीठ डोंगराकडच्या फळीवर. झाडू समुद्राकडच्या कोपऱ्यात. लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्ष नुसती गरगर फिरत होते मी. नट सोडायचं शिकवलं तेही तसंच — ‘पान्याचा दांडा मागच्या चाकाकडे ठेव. मग समुद्राकडे सैल, डोंगराकडे घट्ट. विसरूच शकत नाहीस!’

नाही विसरले. पण अण्णांची गाडी कायम अलिबागकडे तोंड करून उभी असते. फाटकातून आत आले की वळवून, मागे ढकलत आणून लावतात. नकाशात उत्तर वर, तशी गाडीही उत्तरेला. आणि काल मी? मुरुडहून आले, फाटकातून सरळ आत ढकलली आणि तशीच लावली. तोंड मुरुडकडे! दांडा मागच्या चाकाकडे, ओढलं समुद्राकडे — म्हणजे मी नट सोडत नव्हते, आवळत होते. पाइप लावून आवळत होते!

एकटीच हसले आधी. मग हसू गेलं.

मग मी काय केलं, तर पाहुणे समुद्रावर गेल्यावर पडवीत गेले आणि गाडी वळवली. अलिबागकडे तोंड केलं. पाइप होता तिथे नेऊन ठेवला. फरशीवर सांडलेलं ग्रीस राखेने पुसलं. ऑइलचा डबा लाकडांच्या मागे सारला. हे करताना मनात काही ठरवलं नव्हतं, आई शप्पथ. हात आपले आपण करत होते. मागाहून वाटलं, हे चोरासारखं काय करतेय मी?

संध्याकाळी अजेय आला उरणहून. कंटेनर यार्डातली आठवड्याची सगळी धूळ घेऊन आला आणि वैतागलेला होता. उद्या सांगू. अण्णा आल्यावर त्यांनाच सांगू, ते हसतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं नाही.

अण्णा पेणहून आले ते उत्साहातच. जेवण झाल्यावर म्हणाले, ‘अजेय आहे तर ऑइल उरकून टाकू.’ मी चहा टाकत होते. पडवीतून अजेयचा आवाज आला, ‘अण्णा, हे काय करून ठेवलंय?’

‘काय रे?’

‘नटाचं डोकं गेलंय. कोणीतरी मरणाचं आवळलंय हे. तुम्हीच, दुसरं कोण!’

‘मी? छे रे. मी कशाला...’

‘मागच्या महिन्यात पंप चालू ठेवून झोपलात, टाकी वाहत होती. तेही तुम्ही नाहीच म्हणालात.’

आई झोपाळ्यावरून म्हणाल्या, ‘केलं असेल हो. आठवत नसेल. परवा कल्पिताला तिच्या आईच्या नावाने हाक मारलीत, सगळे हसले.’

मी गाळणं हातात धरून उभी. तोंड उघडलंसुद्धा होतं. ‘मी केलं ते’ — तीन शब्द! पण अजेयचा आवाज चढलेला, पाहुण्यांतली बाई दारात पाणी मागायला आलेली, आणि मनात आलं, आत्ता नको, सगळ्यांसमोर नको. चहा गाळला. कप नेऊन दिले. अण्णांनी कप घेताना माझ्याकडे पाहिलं, मी बशीकडे पाहिलं.

जरा वेळाने त्यांचं स्वतःशीच चाललेलं, ‘पाइप लावल्याशिवाय असं होणार नाही. पाइप मी कधी काढला?’

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं नाही. अजेय पहाटेच्या गाडीने गेला, तरी नाही. आता काय निमित्त आहे गं बये तुझ्याजवळ?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुरुडला गेलो, मुसअबच्या गॅरेजवर. अण्णा पुढे, मी मागे. रस्ताभर ठरवत होते की वळणावर सांगते, पुलावर सांगते. वाऱ्यात ऐकूही गेलं नसतं म्हणा. हे आपलं निमित्त.

मुसअब दुबईत राहून आलेला, तोंडाने भलता जोरात. खाली वाकून बघितलं आणि ओरडला, ‘या अल्ला! अण्णा, हा कोनी आवळला? पैलवान हाय का तुमच्या घरात?’

मी बोलणार, तोच अण्णा म्हणाले, ‘मीच.’

असे म्हणाले, जसं काही साक्षीला उभे राहिलेत. ‘मीच. विसरलो मी, कुठल्या बाजूला फिरवायचा ते.’

मुसअब हसला. ‘होतंय, होतंय. वय झालंय आता.’ अण्णाही हसले. या माणसाने आयुष्यात नट उलटा फिरवलेला नाही!

मग मुसअबने पराक्रम सुरू केला. आधी वरून नळी घालून जुनं ऑइल ओढून काढलं. गाडी गोणपाटावर आडवी पाडली. अण्णांना ते बघवेना, स्टुलावर बसून टाकीवरून हात फिरवत राहिले. नटावर गंज सोडवायचं औषध मारलं. पकड लावली, सटकली. छिन्नी लावून हातोड्याने ठोकलं, छिन्नीचंच टोक उडालं. ‘पाच मिंटाचं काम’ म्हणाला होता! दुपार झाली तरी नट जागचा हलेना. शेवटी घाम पुसत म्हणाला, ‘ठेवून जा अण्णा. वेल्डिंगवाल्याला आनतो.’

एसटीने परत आलो. माझी सोललेली बोटं ओढणीत गुंडाळून बसले होते. अण्णांनी विचारलं, ‘हाताला काय लागलं?’ म्हटलं, ‘नारळ सोलताना.’

किती सहज आलं ते तोंडात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाहुणे गेले. चादरी धुतल्या. अण्णा दिवसभर पडवीत हत्यारांची पेटी उघडून बसले होते. एकेक पाना काढून पुसायचा, परत ठेवायचा. आई म्हणाल्या, ‘ह्यांना काय झालंय?’ म्हटलं, ‘काही नाही हो.’

२० नोव्हेंबर, गुरुवार

निघाला एकदाचा!

वेल्डिंगवाल्याने सोललेल्या डोक्यावर दुसरा नट चिकटवला. ठिणग्या उडाल्या तशी मी मागे सरले, अण्णा नाही सरले. लाल होता तोवर मुसअबने पाना लावला, दोघे लटकले त्याला, आणि कुईं करून फिरला. निघाला तो एकटा नाही, इंजिनाचे आतले आटे घेऊन आला. चकचकीत अॅल्युमिनियमचा किस लपेटलेला सगळा. मुसअब म्हणाला, ‘आटे मेले. नवीन पाडतो, जाडा नट बसवतो. गाडी चालंल.’

अण्णांनी तो नट गार झाल्यावर हातात घेतला. फिरवून फिरवून बघितला. ‘एवढा जोर आहे अजून माझ्यात!’ म्हणाले आणि हसायला गेले, पण जमलं नाही त्यांना.

गाडी संध्याकाळपर्यंत मिळणार नव्हती म्हणून पुन्हा एसटी. अण्णा खिडकीशी बसले. काशीदचा डोंगर दिसायला लागला तेव्हा हळूच विचारलं, ‘क्षिप्रा, केव्हा केलं असेन गं मी हे? मी सगळे दिवस आठवून बघितले. काही सापडत नाही. दिवसच्या दिवस असे गळून जातात का माणसाच्या डोक्यातून?’

मला सांग, यापुढे काय उरलं होतं? यापेक्षा चांगला क्षण मिळणार होता का? मागची सीट रिकामी, कंडक्टर पुढे. हात धरून सांगायचं फक्त!

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, ‘दिवाळीच्या आधी केलं असेल, अण्णा. साफसफाईच्या गडबडीत. पाइप तेव्हाच बाहेर काढलेला ना.’

त्यांना धीर द्यावा म्हणून म्हटलं. नाही — खोटं. स्वतःला धीर द्यावा म्हणून म्हटलं. त्यांनी मान हलवली. ‘दिवाळीच्या आधी. हं. असेल.’ मग घर येईपर्यंत ओठ हलत होते त्यांचे.

आधी नुसती गप्प होते मी. आज हाताने माती टाकली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

येसाजी आला होता, वरच्या पाड्यावरचा. त्याच्या आणि चुलतभावाच्या वरकस जमिनीचा वाद आहे. बांधावरचा दगड कोणीतरी हलवलाय. गावात असं काही झालं की लोक तलाठ्याकडे जायच्या आधी अण्णांकडे येतात. अण्णा डोळे मिटून सांगतात, ‘आंब्यापासून डोंगराकडे सरक, जुनी विहीर सोड, तिथे खण.’ आणि खणलं की मोजणीच्या वेळी दगडाखाली पुरलेला खुणेचा कोळसा निघतो. दोन्ही बाजू ऐकतात. आजवर कोणी वर तक्रार नेलेली नाही.

येसाजी म्हणाला, ‘अण्णा, तुमी मोजनी केलती. दगड कुठं व्हता, ते फकस्त सांगा. आमी दोघं बी ऐकू.’

अण्णा म्हणाले, ‘येसाजी, मला विचारू नकोस बाबा. माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. तुझी जमीन मी चुकीची दाखवली तर?’

‘तुमी न्हाय चुकायचं.’

‘चुकतो. घरच्या गाडीचा नट उलटा फिरवला मी, आणि मला पत्ताही नाही.’

येसाजी पायऱ्यांवर तसाच उभा राहिला. जाताना मला म्हणाला, ‘वयनी, अण्णांना बरं न्हाय का?’ मी त्याला भोपळ्याची भाजी बांधून दिली. भाजी! लाज कशी वाटत नाही मला?

अजेय आला तेव्हा त्याला परसात नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गाडी, पाइप, तोंड मुरुडकडे, सगळं. वाटलं, चिडेल, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो विहिरीच्या कठड्यावर बसला, विचार करून म्हणाला, ‘सांगू नकोस त्यांना.’

‘काय?’

‘मागे टुरिस्टांच्या बसने त्यांना जवळजवळ उडवलं होतं, आठवतं? किती सांगतोय, गाडी सोडा. माझं ऐकलं? आता आपणहून सोडतील. होतंय ते चांगलंच होतंय. तू गप्प बस फक्त.’

मी म्हटलं, ‘अरे, पण ते स्वतःला वेडे समजायला लागलेत!’

‘वेडे काय? म्हातारे. आहेतच म्हातारे.’

आणि खरं लिहायचं तर — इथे तरी खरं लिहू — मला हायसं वाटलं. नवरा म्हणतोय ना गप्प बस. मग माझं काय! क्षणभरच वाटलं, पण वाटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अण्णांनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. आई, मी, ते, तिघंच होतो. ‘आता तू चालव. माझ्याहून जपून चालवतेस. अजेय काही बोलला तर मी बघतो त्याला. ह्या घरात हत्याराला हात लावायची अक्कल तुलाच आहे एकटीला.’

आई कधी नव्हे ते म्हणाल्या, ‘पोरगी गुणाची आहे हो.’

न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. चावीच्या कड्याचा वळ उठला तळहातावर, इतकी घट्ट धरली होती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अलिबागला डॉक्टरांकडे. मीच घेऊन गेले, अण्णा स्वतः म्हणाले ‘दाखवून घेऊ.’ डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. अण्णांनी घड्याळ काय काढलं — नकाशाच! डॉक्टर म्हणाले, ‘काका, उत्तम. वयाच्या मानाने एकदम उत्तम. थोडंफार विसरणं चालायचंच.’

माझ्या जिवात जीव आला. पण अण्णांचं समाधान होईना. ‘नाही डॉक्टर, तुम्हाला माहीत नाही. मी एक काम अख्खं विसरलो.’ आणि त्यांनी नटाची गोष्ट सांगितली. डॉक्टरांचा चेहरा बदलला. ‘पूर्ण विसरलात? काहीच आठवत नाही? पाइप आणल्याचंही नाही?’ माझ्याकडे वळून विचारलं, ‘घरच्यांनी पाहिलं होतं का करताना?’

मी म्हटलं, ‘नाही. कोणी पाहिलं नाही.’

हे तर खरंच आहे! कोणी पाहिलं नाही मला.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला सांगितला, पुढच्या आठवड्यात. आणि गोळी दिली एक, झोपताना घ्यायची. माझ्या चुकीवर माझा सासरा औषध घेणार! परतीच्या रस्त्यावर ते एसटीच्या खिडकीतून बघत म्हणाले, ‘कुठल्या बाजूला समुद्र आहे ते तरी कळतंय अजून.’ त्यांनी विनोद केला होता. मी हसलेही.

बास. अजेय काही म्हणो. मला नाही हे पेलायचं. ती गोळी पोटात जायच्या आत सांगायला हवं होतं, तेही नाही जमलं. आज-उद्या-परवा करत बसले तर फोटो निघेल, त्यात काही बारीकसारीक सापडेल, मग कोण ऐकणार माझं? उद्या नक्की. देवासमोर म्हणतेय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर आईंच्या मैत्रिणी, पापड. अण्णा दुपारभर डोळे मिटून आरामखुर्चीत. झोपले नव्हते, बोटांनी हवेत काहीतरी फिरवत होते. उठवायचा धीर झाला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

सकाळी पडवीत. त्यांच्या पायाशीच बसले, सगळं सांगितलं. मुरुडहून आले, गाडी उलटी लावली, दांडा मागच्या चाकाकडे, समुद्राकडे ओढलं. बोटं दाखवली, अजून खपल्या आहेत. पाय धरले. म्हटलं, ‘अण्णा, तुम्ही काही विसरला नाहीत. तुम्ही केलंच नव्हतं. मी पापी आहे.’

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हसत होते. किती दिवसांनी हसले!

‘वेडी आहेस. माझ्यासाठी खोटं बोलायला लागलीस? अगं, गरज नाही आता. काल आठवलं मला. सगळं आठवलं! तू म्हणालीस तसंच, दिवाळीच्या आधी. साफसफाई चालली होती. पाइप ह्या भिंतीला लावलेला. मी म्हटलं, नट जरा आवळून घेऊ. तू आतून चहा घेऊन आलीस आणि म्हणालीस, अण्णा, जपून. निळी साडी होती तुझी.’

माझ्याजवळ निळी साडी नाही.

‘अण्णा, तसं झालंच नाही हो...’

‘बघ,’ म्हणाले, डोळ्यांत पाणी आणून, ‘आठवलं की नाही मला!’